चांगले शिक्षक मुख्याध्यापक व्हायला ‘नको’ का म्हणतात?

हजेरीपट (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो. आज धागा काढतोय, कारण हा प्रश्न माझ्या एकट्याच्या डोक्याने सुटत नाहीये.

मी माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक आहे आणि निवृत्ती आता फार लांब राहिलेली नाही. आमच्या शिक्षकखोलीत किमान तिघं तरी असे आहेत की शाळा त्यांच्या हाती निर्धास्त सोपवावी. तिघांनाही वेगवेगळं गाठून विचारलं, पुढे या खुर्चीचा विचार आहे का? एकीने हसून विषय बदलला. एक म्हणाले, "सर, आणखी पाच-सात वर्षं तरी नको, मग बघू." आणि तिसरी, जिचा तास सुरू असला की शेजारच्या वर्गाचेही कान तिकडेच असतात, ती सरळ म्हणाली, "मला शिकवायचंय सर. तुम्ही दिवसभर करता ते शिकवणं नाही."

बोचलं, पण खोटं नाही. परवाचाच दिवस घ्या. शाळा भरायच्या आधी दोन शिक्षकांचे रजेचे निरोप. त्यांचे बदली तास कोणाला द्यायचे यावरून रुसवेफुगवे. ते मिटतंय तोवर दारात एक पालक, मुलाला मागच्या बाकावर का बसवलं म्हणून. मग वरून मागवलेली माहिती, ‘तातडीने’ म्हणजे दुपारपर्यंत पाठवायची, आणि तीच माहिती मागच्या महिन्यात निराळ्या तक्त्यात भरून पाठवलेली. नववीचा एक तास बघायला जाणार होतो, तो राहिलाच. हा सगळा तमाशा शिक्षकखोलीला रोज दिसतो. यात मोह पडावा असं काय आहे?

खुर्ची मनापासून हवी असलेलेही एकदोन आहेत. त्यांच्याबद्दल इथे लिहीत नाही, सुज्ञांस सांगणे न लगे.

तर विचारायचं ते असं: चांगल्या शिक्षकाच्या मनात ही इच्छा मुळात येते कशी? ती आपसूक यायची वाट बघायची, की मागे लागायचं? आणि मागे लागून आणलेला माणूस टिकतो का? अनुभव सांगा. ‘नेतृत्वगुण’ छापाची व्याख्यानं भरपूर ऐकून झाली आहेत, तेवढी नकोत.

मधली_सुट्टी

वाचताना वाटलं, हा धागा आमच्याच शाळेतून निघालाय की काय!

मी त्या तिसरीच्या पक्षातली. का नको ते सांगते, राग मानू नका. सकाळी एखाद्या पोराला न समजलेलं गणित दुपारी त्याने स्वतःहून फळ्यावर सोडवून दाखवलं की माझा दिवस वसूल होतो. मुख्याध्यापकांच्या दिवसात असं काय असतं? जबाबदारी सगळी, अधिकार बेताचे. निकाल चांगला लागला तर विषयशिक्षकाचं नाव, खाली आला तर खुलासा मुख्याध्यापकांनी द्यायचा.

आणि खरं कारण दुसरंच आहे. कालपर्यंत ज्यांच्या शेजारी बसून वरच्यांना नावं ठेवली, त्यांचाच रजेचा अर्ज उद्या आपण नामंजूर करायचा. आमच्या मॅडम पूर्वी आमच्यातल्याच होत्या. शिक्षकखोलीत सगळ्यात मोठ्याने हसायच्या त्या. आता त्या आत आल्या की बोलणं थांबतं, आणि ते थांबलेलं त्यांना कळतं. पगारात पडणारा फरक त्याची भरपाई करत नाही.

खोडरबर

+१.

मुख्याध्यापकांच्या दारावर ‘परवानगीशिवाय आत येऊ नये’ अशी पाटी असते. धागा वाचून वाटतंय की आतल्या बाजूला ‘बाहेर जाऊ नये’ अशीही एक असणार. (हलके घ्या.)

तळटीप

अभ्यासांतल्या एकदोन गोष्टी, चर्चेला उपयोगी पडतील म्हणून.

आधी मुळाशी जाऊ. मुख्याध्यापक कोण आहे याने मुलांच्या शिकण्यात फरक पडतो का? वॉलेस फाउंडेशन या अमेरिकी देणगीसंस्थेसाठी ग्रिसम, एगलाइट आणि लिंडसे यांनी अमेरिकेतल्या दोन दशकांच्या संशोधनाचा आढावा घेतला होता, तो २०२१ मध्ये आला. त्यांचं गणित असं: कामगिरीत २५ व्या पर्सेंटाइलवर (म्हणजे शंभरातले पंचवीस ज्याच्या खाली आहेत अशा जागी) असलेल्या मुख्याध्यापकाच्या जागी ७५ व्या पर्सेंटाइलवरचा आला, तर एका वर्षात मुलं गणितात सुमारे २.९ महिन्यांचं आणि वाचनात २.७ महिन्यांचं जास्तीचं शिकतात. एका वर्गापुरतं बघितलं तर चांगल्या शिक्षकाचा परिणाम याहून थोडा मोठा असतो. पण शिक्षकाचा परिणाम त्याच्या वर्गापुरता, मुख्याध्यापकाचा अख्ख्या शाळेवर.

आता हजेरीपट सरांच्या तिसऱ्या शिक्षिकेकडे येतो. न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये शाळाप्रमुखांच्या कामाचे पाच भाग पाडून कशाचा मुलांच्या शिकण्याशी किती संबंध आहे ते तपासलं. सगळ्यात वर आलं ते शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणं आणि त्यात स्वतः सामील होणं. परिणामाचं माप (आकडा जितका मोठा तितका संबंध जास्त) ०.८४. त्याच्या खालचं, म्हणजे अध्यापनाचं नियोजन आणि मूल्यमापन, ०.४२ वर. याचा अर्थ मुख्याध्यापकाचं सगळ्यात मोलाचं काम शिकवण्याला अगदी खेटून आहे. तुमच्या शिक्षिकेला ते काम दिसतच नाही, कारण तुमचा नववीचा तास बघणं राहून जातं आणि तक्ता मात्र वेळेत जातो.

शेवटचा_बाक

थोडा विरोधी सूर लावतो.

उत्तम शिक्षकाला ओढून खुर्चीत बसवायचं म्हणजे एक उत्तम शिक्षक घालवायचा आणि बदल्यात बहुधा एक सुमार व्यवस्थापक मिळवायचा. लॉरेन्स पीटर या शिक्षणतज्ज्ञाने १९६९ मध्येच म्हणून ठेवलंय, माणूस बढती मिळत मिळत अशा जागी पोचतो जिथे तो कुचकामी ठरतो, आणि मग तिथेच राहतो. ज्याला वर्ग आवडतो त्याला वर्गात राहू द्या. ज्याला व्यवस्था सांभाळायला आवडते त्याला शाळा द्या. शिकवणं बेताचं असलं तर काय बिघडलं?

हजेरीपट

@शेवटचा_बाक, अर्धं मान्य. उत्तम शिक्षक म्हणून आपोआप उत्तम मुख्याध्यापक होत नाही, अशी उदाहरणं डोळ्यांसमोर आहेत. पण ज्याला तास बघून त्यात काय चाललंय ते कळत नाही, तो चांगल्या शिक्षकाला काय सांगणार? फळ्यावरचं अक्षर सुधारा आणि वर्गात शिस्त ठेवा, एवढंच. मी ज्या तिघांबद्दल लिहिलं ते निव्वळ उत्तम शिकवतात म्हणून नाही लिहिलं. नवीन शिक्षक अडला की न सांगता त्यांच्याकडे जातो. तो कोणाकडे जातो यावर मी बरीच वर्षं नजर ठेवून आहे.

अर्धविराम

@हजेरीपट सर, हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. हे त्या तिघांना सांगितलंत का? तुमच्या मूळ पोस्टवरून तरी वाटतं की तुम्ही ‘खुर्चीचा विचार आहे का’ एवढंच विचारलंत. त्याला उत्तर ‘नको’ हेच येणार.

मी सध्या उपमुख्याध्यापिका आहे. या वाटेला मी स्वतःहून गेले नाही. आमच्या तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी एकदा थांबवून घेतलं आणि म्हणाले, "निकालपत्रकांत गोंधळ झाला त्या दिवशी तुम्ही चूक कोणाची हे विचारलंच नाही. तिघांना तीन कामं वाटून दिलीत, पालकांना काय सांगायचं ते एका कागदावर लिहून सगळ्यांच्या हातात दिलंत आणि मग स्वतः बेरजा तपासायला बसलात. हे माझं काम होतं, ते तुम्ही केलंत." मला तोवर ठाऊकच नव्हतं की याला मुख्याध्यापकाचं काम म्हणतात. मी आपली गोंधळ निस्तरत होते. ‘तुमच्यात क्षमता आहे’ असं मोघम कोणी म्हटलं असतं तर मी आभार मानून सोडून दिलं असतं.

आता जरा वेगळा मुद्दा. ओईसीडी या बहुतांशी विकसित देशांच्या संघटनेने २०१८ मध्ये केलेल्या टॅलिस या शिक्षक-मुख्याध्यापकांच्या पाहणीत सदस्य देशांतल्या शिक्षकांमध्ये बायका सरासरी ६८ टक्के आहेत, आणि मुख्याध्यापकांमध्ये ४७ टक्के. मधली माणसं कुठे गळतात? माझ्या मते बरीचशी गळती विचारण्याआधीच होते. ‘तिची मुलं लहान आहेत, तिला कशाला त्रास’ असं दुसऱ्यानेच ठरवून टाकायचं. चांगल्या हेतूने ठरवतात, त्यामुळे भांडताही येत नाही. शिवाय पुष्कळ जणी स्वतःला ‘अजून तयार नाही’ म्हणत राहतात, आणि निम्मी तयारी असलेला दुसरा कोणी अर्ज करून मोकळा होतो. म्हणून एकदा नाही म्हणाली की नाव खोडू नका. पुढच्या वर्षी पुन्हा विचारा. परिस्थिती बदलते, माणूस बदलतो, आणि दुसऱ्यांदा विचारलं की पहिल्यांदा उगाच विचारलं नव्हतं हे कळतं.

फळा_पुसा

सगळं छान आहे, पण ज्या व्यवस्थेत सेवाज्येष्ठतेची यादी ठरवते तिथे या चर्चेला अर्थ काय? यादीत पहिलं नाव असेल तो मुख्याध्यापक. इच्छा, तयारी, क्षमता वगैरे सगळं नंतर. आमच्याकडे तर निवृत्तीला वर्ष राहिलेल्यांची वर्णी लागते. नवीन मुख्याध्यापक कामाला हात घालतात तोवर निरोप समारंभाची तयारी सुरू.

तळटीप

@फळा_पुसा, ज्येष्ठतेचे तोटे मान्य. तिचा एक फायदा मात्र कोणी वापरत नाही: पुढे कोण येणार हे बरीच वर्षं आधी ठाऊक असतं. मग त्या माणसाला आदेश हातात पडेपर्यंत कोरा का ठेवतात? यादीतल्या पहिल्या चार नावांना आत्तापासून हिशेब, तासांचं निरीक्षण, समितीच्या बैठका दाखवायला कोणता नियम आडवा येतो?

दुसऱ्या टोकाला सिंगापूर आहे. तिथे शिक्षकाला सुरुवातीपासून तीन वाटा दिसतात: अध्यापनाची, नेतृत्वाची आणि विषयतज्ज्ञाची. वर्गात राहूनही बढती मिळते, त्यामुळे निव्वळ पगारासाठी कोणी खुर्चीकडे धावत नाही. शेवटचा_बाक यांच्या आक्षेपाला हे बऱ्यापैकी उत्तर आहे. ज्यांना मुख्याध्यापकपदासाठी निवडतात त्यांना राष्ट्रीय शिक्षण संस्थेत सहा महिने पूर्णवेळ अभ्यासक्रमाला बसवतात. २००१ पासून हे चालू आहे.

इंग्लंडचा प्रवास वळणावळणाचा. तिथे मुख्याध्यापकांसाठीची राष्ट्रीय पात्रता १९९७ मध्ये आली, २००० मध्ये शाळाप्रमुखांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय महाविद्यालय निघालं, २००९ मध्ये सरकारी शाळांत नव्याने मुख्याध्यापक होणाऱ्यांना ती पात्रता सक्तीची झाली आणि २०१२ मध्ये सक्ती काढूनही टाकली. सक्ती असावी की नसावी यावर वाद घालणारे तिथेही दोन्हीकडे आहेत. मला स्वतःला प्रमाणपत्रापेक्षा ते मिळवताना माणूस दुसऱ्या शाळेत जाऊन काही प्रत्यक्ष करतो का, हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

जुनी_घंटा

निवृत्त मुख्याध्यापक. आमच्या शाळेतून पुढे वेगवेगळ्या ठिकाणी मुख्याध्यापक झालेली बरीच मंडळी आहेत, म्हणून थोडं बोलायचा हक्क घेतो.

इच्छा आधी येते आणि मग काम, असा सगळ्यांचा समज दिसतो. माझ्या पाहण्यात उलटं आहे. आधी माणूस एखादं मोठं काम अंगावर घेतो, ते त्याला जमतं, शाळेत त्यामुळे काहीतरी हललेलं दिसतं आणि मग त्याला वाटायला लागतं की आणखी थोडं करता येईल. म्हणून ‘मुख्याध्यापक व्हाल का’ हा प्रश्न मी कधी विचारलाच नाही. मी काम देत असे.

पण कोणतं काम? इथे बहुतेक जण चुकतात. वह्या मोजणं, पाहुण्यांच्या खुर्च्या मांडणं, अहवालाचं टंकलेखन, ही कामं देऊन कोणी घडत नाही, वैतागतो मात्र. काम असं हवं की त्यात माणसांची मनं वळवावी लागतील, काहीतरी ठरवावं लागेल आणि ते चुकूही शकेल. वेळापत्रक हे माझं आवडतं. शिक्षकांना ते किचकट कोष्टक वाटतं. प्रत्यक्षात शाळा कशाला महत्त्व देते ते सगळं त्यात उघडं पडतं. सकाळचे ताजे तास कोणत्या विषयाला? सगळ्यात अवघड वर्ग सगळ्यात नवख्या शिक्षकाच्या गळ्यात का? दोन भाषाशिक्षकांना आठवड्यातून एकदा एकत्र बसता येईल असा मोकळा तास का नाही? एका शिक्षिकेने हे काम घेतलं आणि पहिला प्रश्न हाच विचारला, की सातवीची जी तुकडी सगळ्यांना नकोशी असते ती दरवर्षी नव्या माणसालाच का मिळते. तिने ती दोन अनुभवी शिक्षकांत वाटली. ते दोघं आठवडाभर माझ्याकडे तक्रारी घेऊन येत होते. मी म्हणायचो, "वेळापत्रक त्यांच्याकडे आहे, त्यांच्याशी बोला." ती बोलली. एकाचं ऐकून एक तास बदलला, दुसऱ्याला नाही म्हणाली. ‘नाही’ म्हणून झाल्यावरही तो माणूस दुसऱ्या दिवशी आपल्याशी बोलतो, हे तिला तेव्हा कळलं. मधली_सुट्टी ताई, तुम्ही ज्या एकटेपणाबद्दल लिहिलंत त्याची भीती अशी थोडी थोडी जाते. एकदम खुर्चीत बसलेल्याची जात नाही.

दुसरं, अवघड पालकभेट. गाडीत मागे बसून रस्ता पाठ होत नाही, त्यामुळे नुसतं ‘बसा आणि बघा’ याचा उपयोग मर्यादित. मी क्रम असा ठेवायचो. पहिल्या भेटीत मी बोलणार, ते ऐकणार. भेटीआधी पाच मिनिटं ठरवायचं, की या भेटीतून आपल्याला नेमकं काय हवंय. भेट झाल्यावर दहा मिनिटं बोलायचं, की पालक कोणत्या वाक्याला चिडले आणि कोणत्या वाक्याला निवळले. पुढच्या भेटीत ते बोलणार आणि मी गप्प. गप्प बसणं फार कठीण असतं, सांगून ठेवतो. शिक्षक अडखळला की तोंड उघडायचा मोह होतो. उघडलंत की पालक त्या क्षणापासून तुमच्याकडेच बघून बोलतात आणि शिक्षक खोलीतून नाहीसा होतो. त्यामुळे मी खुर्चीच थोडी मागे, कडेला घ्यायचो.

तिसरं, पैशाचा कागद दाखवा. शाळेचा जमाखर्च बहुतेक शिक्षकांनी कधी पाहिलेलाच नसतो. हिशेबाच्या भीतीने मागे हटणारे फार आहेत, आणि खरं तर तीन संध्याकाळी बसलं की बराचसा उलगडतो.

हे सगळं लिहिलं ते सोपं वाटेल. वेळ खातं. एवढ्या वेळात मी स्वतः ती कामं दोनदा उरकली असती.

उपद्व्यापी

वाचायला गोड. पण आमच्याकडे याच नावाखाली काय चालतं ते सांगू? ‘तुम्हाला तयार करतोय’ म्हणत मुख्याध्यापक आपली कामं खाली ढकलतात. तास तेवढेच, वर ही कामं. श्रेय त्यांचं, चूक माझी. वर्षभर ‘प्रभारी’ म्हणून राबलेल्या एका सहकाऱ्याला शेवटी कळलं की सहीचा अधिकार त्याला कधी नव्हताच. वर्षाअखेरीस तो एवढंच म्हणाला, आता या पदाचं नाव काढू नका.

खोडरबर

उपद्व्यापी, हे सगळ्या शिक्षकखोल्यांच्या भिंतीवर लावायला हवं.

जुनी_घंटा

@उपद्व्यापी, रास्त आहे, आणि असं होतं. घडवणं आणि राबवणं यांत फरक ओळखायचा कसा? मी तीन गोष्टी बघतो. कामाबरोबर निर्णयही दिला का. कामाच्या बदल्यात तास कमी केले का, निदान आठवड्याला दोन तरी. आणि चुकलं तर मुख्याध्यापक सगळ्यांसमोर कोणाच्या बाजूने उभा राहिला. तिसरी गोष्ट नसेल तर पहिल्या दोनही फोल.

‘प्रभारी’ प्रकाराबद्दल तर बोलायलाच नको. अधिकार न देता खुर्चीत बसवणं हा चांगल्या माणसाला कायमचं पळवून लावायचा खात्रीचा उपाय आहे.

शेवटचा_बाक

लहान शाळांचं काय? तिथे तास कमी करायला माणूसच नसतो. भारतात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत १५० पेक्षा जास्त मुलं असली तरच वेगळा मुख्याध्यापक. त्याखाली एखादा शिक्षकच वर्ग सांभाळून सगळं बघतो. त्याला घडवणार कोण आणि तो घडवणार कोणाला?

अर्धविराम

@शेवटचा_बाक, लहान शाळेतल्या माणसाची तर सक्तीनेच तयारी होत असते, फक्त ती कोणी मोजत नाही. वर्ग, हिशेब, पालक, दुरुस्त्या, सगळं एकटा करतो. त्याला गरज आहे ती बोलायला दुसऱ्या कोणाची. आसपासच्या चार शाळांच्या प्रमुखांनी महिन्यातून एकदा एका शाळेत जमायचं, त्या शाळेतला एक तास सगळ्यांनी मिळून बघायचा आणि त्यावर बोलायचं. माहिती-तक्ते-परिपत्रकं हे विषय त्या दिवशी बंद. आम्ही हे करतो. सुरुवातीला सगळे वरच्यांच्या तक्रारीच करत बसले. हळूहळू तासावर बोलायला लागले. या गटात पुढे येऊ शकणारा एखादा शिक्षकही दर वेळी नेतो, त्याला कळतं की मुख्याध्यापकही अडतात आणि एकमेकांना विचारतात.

नेमणुकीनंतरचं पहिलं वर्ष हाही असाच दुर्लक्षित विषय. टॅलिसच्याच पाहणीत, मुख्याध्यापक होण्याआधी त्या कामाचं रीतसर प्रशिक्षण घेतलेले जेमतेम निम्म्याहून थोडे जास्त निघाले होते. म्हणजे उरलेले काम अंगावर पडल्यावरच शिकले. अशा वेळी कोणी अनुभवी माणूस पाठीशी हवा, आणि तो वरिष्ठ नसावा. ज्याच्या हातात आपला गोपनीय अहवाल आहे त्याला ‘मला हे जमत नाहीये’ असं कोण सांगेल?

तळटीप

@अर्धविराम यांना जोड. अमेरिकेत सहा मोठ्या शालेय जिल्ह्यांनी २०११ पासून एक प्रयोग केला. मुख्याध्यापकाने काय करायचं ते आधी लिहून ठरवलं, त्याप्रमाणे नेमणुकीपूर्वीचं प्रशिक्षण, निवड, आणि नेमणुकीनंतर मार्गदर्शन व मूल्यमापन, हे चारही एकाच धाग्यात ओवले. रँड या संशोधन संस्थेने २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. या जिल्ह्यांत नवा मुख्याध्यापक आलेल्या शाळा, तीन किंवा अधिक वर्षांनंतर, इतरत्रच्या तशाच शाळांपेक्षा वाचनात सुमारे ६ आणि गणितात जवळपास ३ पर्सेंटाइलने पुढे होत्या. नवे मुख्याध्यापक टिकण्याचं प्रमाणही जास्त. मूळ पोस्टमधल्या ‘टिकतो का’ या प्रश्नाला माझ्याकडे असलेलं सगळ्यात ठोस उत्तर हेच. यातला एकच तुकडा उचलून, म्हणजे नुसतं आठवडाभराचं शिबिर घेऊन, तोच परिणाम मिळेल असं मात्र यातून निघत नाही.

मधली_सुट्टी

परत आले. जुनी_घंटा सरांचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मत बदललंय असं नाही. खुर्ची अजूनही नको. पण वेळापत्रकाचं वाचून मात्र हात शिवशिवले. आमच्याकडे प्रयोगशाळेचे तास नेहमी शेवटचे असतात आणि मुलं तेव्हा निम्मी घरी पोचलेली असतात, मनाने. हे बदलायला मला आवडेल. त्यासाठी मुख्याध्यापक व्हायची तयारी दाखवावी लागत असेल तर सोडून द्या.

जुनी_घंटा

@मधली_सुट्टी, अजिबात लागत नाही. उद्या तुमच्या मॅडमना सांगा, की पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात प्रयोगशाळेचे तास मी बसवून दाखवते, तेवढा भाग माझ्याकडे द्या. आणि जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका, एक कच्चा आराखडा न्या. आणखी एक: मॅडम शिक्षकखोलीत आल्या की बोलणं थांबतं असं तुम्ही लिहिलंत. तुम्ही थांबवू नका. त्यांनाही बरं वाटेल.

खोडरबर

मधली_सुट्टी, एक दिवस तुमच्या दारावर पाटी लावायला मीच येणार. लिहून ठेवा.

मधली_सुट्टी

खोडरबर, गप्प बसा. :)

हजेरीपट

सगळ्यांचे आभार. इतकं हाती लागेल असं वाटलं नव्हतं.

अर्धविराम ताईंचं ऐकून त्या तिघांशी पुन्हा बोलणार आहे, या वेळी खुर्चीचा उल्लेख न करता. कोणी काय केलेलं मी पाहिलंय ते नावानिशी, प्रसंगानिशी सांगणार. तिसऱ्या शिक्षिकेला एक काम द्यायचं ठरवलंय: नव्या शिक्षकांच्या पहिल्या वर्षाची संपूर्ण जबाबदारी. त्यांचे तास बघणं, त्यांना दुसऱ्यांचे तास दाखवणं, कोणता वर्ग द्यायचा ते सुचवणं. हे शिकवण्याच्या इतकं जवळ आहे की ‘हे शिकवणं नाही’ असं तिला म्हणता येणार नाही. त्यासाठी तिचे दोन तास मी स्वतः घेणार. त्या निमित्ताने मलाही वर्ग मिळेल.

एक अडचण. आमच्याकडे दोन ज्येष्ठ शिक्षक आहेत, त्यांना वाटणार की कालची मुलगी आमचे तास बघायला येते. हे काम तिला लेखी द्यायचं आहे. पत्रात काय लिहू म्हणजे तिला बळ मिळेल आणि त्यांचाही पापड मोडणार नाही?

जुनी_घंटा

पत्रात ‘सहकार्य करावे’, ‘मदत करावी’ असले शब्द टाळा, त्यातून अधिकार कळत नाही. साधं लिहा: ‘नवीन शिक्षकांच्या पहिल्या वर्षाचं नियोजन यांच्याकडे असेल. कोणते तास बघायचे आणि कधी, हे त्या ठरवतील. याबाबत अडचण असल्यास आधी त्यांच्याशी बोलावं.’ शेवटचं वाक्य विसरू नका, नाहीतर सगळे तुमच्याच दारात येतील.

ज्येष्ठांचं म्हणाल तर त्यांचे तास बघायचं काम तिला सध्या देऊच नका. उलट नव्या शिक्षकांना ज्यांचे तास दाखवायचे त्या यादीत या दोघांची नावं वर असू द्या, आणि ती विनंती घेऊन तिलाच त्यांच्याकडे पाठवा. पत्र शिक्षकसभेत तुम्ही स्वतः वाचा, ती तिथे असताना. फलकावर नुसतं डकवू नका.

हजेरीपट

सोमवारी सभा आहे. पत्र लिहायला घेतो.